कॅमेरा कोणाच्या हाती?

वाचकहो, आपली हकीकत आपण सांगितली नाही, तर दुसरा ती सांगतो आणि स्वतःच्या सोयीने सांगतो. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या अमेरिकन चित्रपटाने कृष्णवर्णीयांना पशू ठरविले आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लानला वीरपद दिले.

त्याला उत्तर दिले ऑस्कर मिशोने. त्याचा बाप जन्माने गुलाम. मिशो स्वतः रेल्वेच्या पुलमन डब्यांत नोकर होता, पुढे साउथ डाकोटात शेतकरी, मग दारोदार पुस्तके विकणारा कादंबरीकार. एका कंपनीने त्याची कादंबरी चित्रपटासाठी मागितली. पण दिग्दर्शन त्याला देण्यास ती तयार होईना. त्याने करार नाकारला, शेतकऱ्यांना भाग विकून स्वतःची कंपनी उभारली आणि १९१९ साली ‘द होमस्टेडर’ पडद्यावर आणला.

१९२० च्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये त्याने झुंडीने दिलेली फाशी दाखविली. दंगलीच्या भयाने शिकागोच्या सेन्सॉर मंडळाने प्रथम परवानगी नाकारली. न्याय कसा उलटा पाहा! फाशी देणारी झुंड मोकळी, आणि तिचे चित्र मात्र शांततेला धोका! १९२८ साली मिशोचे दिवाळे निघाले. तरी १९३१ साली त्याने बोलपट काढला.

त्याच्या चाळीसहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. ‘विदिन अवर गेट्स’ची प्रत अखेर स्पेनमध्ये सापडली. म्हणून सांगतो, पुरावा निर्माण करणे हे अर्धेच काम. तो जपणे हे उरलेले अर्धे. आपल्या घरातील छायाचित्रे, पत्रे, सभांची पत्रके आजच नीट बांधून ठेवा.