स्रोतोरोध कोठे आहे?

आयुर्वेदाच्या परिषदांतून सूक्ष्म रक्ताभिसरणाचा विषय निघाला की एक विधान हटकून ऐकावयास मिळते. विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ साली मांडला, मार्चेलो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या १६६१ साली पाहिल्या. आमच्या आचार्यांना मात्र हे सर्व त्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होते! सभागृहात टाळ्या पडतात, वक्ते खाली बसतात आणि चहापानाची घोषणा होते. सुश्रुतांच्या सातशे सिरा, चोवीस धमन्या, चरकांची स्रोतसे आणि रसाचे अखंड विक्षेपण करणारा व्यानवायू हा आमच्याही अभिमानाचा विषय आहे. परंतु गेली काही वर्षे त्या टाळ्यांत आमचे हात सामील होत नाहीत. त्याला एक पाय कारणीभूत आहे.

तालुक्याच्या गावी व्यवसाय सुरू करून आम्हांस दहा-अकरा वर्षे झाली होती. साठीच्या घरातले, उसाची शेती करणारे एक गृहस्थ डाव्या पायाच्या अंगठ्यावरील व्रण घेऊन आले. मधुमेह चौदा वर्षांचा. नवी चप्पल लागली होती. दुखत नव्हते, म्हणून महिनाभर कोणी लक्ष दिले नाही. पाऊल हाताला उबदार लागत होते, वरच्या सिरा फुगलेल्या दिसत होत्या. आम्ही मनगटावरील नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, मल-मूत्राची चौकशी केली आणि रक्तदुष्टी व स्रोतोरोध असे निदान करून जलौकावचारण योजिले. जोडीला त्रिफळा क्वाथाने धावन, जात्यादी तेल, पोटात कैशोर गुग्गुळ. जळवा नीट धरत नव्हत्या. एरवी ज्या जळवा क्षणात चिकटत, त्या व्रणाच्या कडेला फिरून परत येत होत्या. हळद लावून, पाणी बदलून आम्ही त्यांना पुनःपुन्हा लावले. त्या मुक्या जीवांना जे कळले होते ते आम्हांस कळले नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा काळा पडला. शहरातील रुग्णालयात धाडले तोवर जंतुसंसर्ग पावलात वर चढला होता. गुडघ्याखालच्या दोन धमन्या पूर्णपणे आणि तिसरी बरीचशी बंद असल्याचे तपासणीत निघाले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तेथील शल्यविशारदांनी दूरध्वनीवर एवढेच विचारले, "वैद्यराज, हाताची नाडी तुम्ही पाहिलीच असेल. पायाची पाहिली होती का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. रुग्णाचा मुलगा चार दिवसांनी आला तो भांडायला नव्हे, विचारायला आला. "डॉक्टर, रक्त अशुद्ध होतं म्हणून तुम्ही काढलं ना? मग पाय काळा कशानं पडला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील संशोधन वाचावयास घेतले आणि त्यात आमच्याच चुकीचे एक जुने, फार मोठे रूप आढळले. ते आधुनिक वैद्यकाचे होते.

१९५९ साली अमेरिकेत गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कापून काढलेल्या पायांतील रक्तवाहिन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी प्रसिद्ध केली. मधुमेही रुग्णांच्या बारीक धमन्या आतून दाटून बुजलेल्या दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरून 'सूक्ष्मवाहिनी-विकार' हा शब्द रूढ झाला आणि पाहता पाहता निदानाचा शेवट होऊन बसला. मधुमेह्याचा पाय सडतो तो बारीक वाहिन्या बुजल्याने. तेथे शस्त्रक्रियेने मार्ग करून देता येत नाही. सबब पाय काढणे हाच उपाय, अशी ती विचारसरणी होती. पुढे १९६४ साली स्ट्रँडनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पाहणी अधिक कसोशीने केली. कोणता पाय मधुमेह्याचा व कोणता इतराचा हे पाहणाऱ्यास कळू दिले नाही. तेव्हा तो भेद दिसेनासा झाला. तरीही जुना समज वीस वर्षे टिकला. १९८४ साली लोजेर्फो व कॉफमन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सडेतोडपणे लिहिले की, मधुमेह्याच्या पावलात बारीक वाहिन्या बुजल्याने रक्तपुरवठा बंद पडतो ही कल्पना चुकीची आहे. मुख्य अडथळा गुडघ्याखालच्या मोठ्या धमन्यांत असतो आणि पावलावरची धमनी पुष्कळदा मोकळी राहिलेली असते. त्या धमनीपर्यंत सिरेचा तुकडा जोडून रक्त नेता येते, हे बॉस्टनच्या शल्यविशारदांनी करून दाखविले. २००३ साली त्यांनी अशा एक हजाराहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुसंख्य रुग्ण मधुमेहीच होते.

म्हणजे एक शब्द, जो ऐकताना सखोल वाटत होता, त्याने पाव शतक वैद्यांना पुढे शोधू दिले नाही. 'स्रोतोरोध' हा शब्द आम्ही त्या दिवशी नेमका तसाच वापरला होता. शब्द चुकीचा नव्हता. रोध होताच. तो कोठे आहे, हे विचारण्याचे आम्ही थांबविले होते.

सूक्ष्म वाहिन्या निर्दोष असतात, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या बुजत नाहीत, पण बिघडतात. आणि हा बिघाड कार्याचा असतो. केशवाहिनीची रुंदी पाच ते दहा मायक्रॉन, तांबड्या पेशीची सात-आठ मायक्रॉन. पेशी अंग चोरून, आकार बदलून पुढे सरकते. कोणत्या भागाला किती रक्त द्यावयाचे हे तेथे ठरते. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल मिळाले ते केशवाहिन्यांतील या नियमनाच्या अभ्यासाबद्दलच. वाहिनीच्या आत पेशींचा जो एकेरी अंतःस्तर असतो, त्याचे महत्त्व तर फार उशिरा कळले. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९५३ साली लिहिले होते की अॅसिटिलकोलीनमुळे सशाच्या महाधमनीची पट्टी आकुंचन पावते. पंचवीस वर्षांनी प्रयोगशाळेत एक पायरी चुकली आणि तीच पट्टी शिथिल होताना दिसली. आजवर पट्ट्या कापताना आतला स्तर नकळत घासला जाऊन निघून जात होता! १९८० साली त्यांनी झवाड्झ्की यांच्यासह हे प्रसिद्ध केले. त्या स्तरातून निघणारे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड ठरले आणि १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना मिळाले. मधुमेहात हा अंतःस्तर लवकर दुबळा होतो, केशवाहिन्यांचे आधारपटल जाड होते आणि इजा झाल्यावर रक्तपुरवठा जितका वाढावयास हवा तितका वाढत नाही.

यात आम्हांस सर्वांत फसविणारी गोष्ट होती ती पावलाची ऊब. ती समजून घेण्यासाठी टीकाकारांचा केदारीकुल्या न्याय फार उपयोगी पडतो. कालव्यातून पाटात, पाटातून चारीत, चारीतून वाफ्यात पाणी जाते. ज्याने रात्री दारे धरली आहेत त्यास हे निराळे सांगावयास नको. आता चारी फुटून पाणी वाफ्यात न शिरता थेट ओढ्याला मिळाले तर काय होईल? चारी वाहती दिसेल, ओढा भरलेला दिसेल आणि पीक मात्र वाळेल. पावलाच्या त्वचेत धमनीतून सिरेत थेट जाणाऱ्या अशा आडवाटा निसर्गतःच आहेत. शरीराची उष्णता राखण्यासाठी त्या उघडझाप करतात आणि त्यांच्यावर स्वायत्त मज्जातंतूंचा ताबा असतो. मधुमेहात हे तंतू निकामी झाले की आडवाटा उघड्याच राहतात. पाऊल उबदार लागते, सिरा फुगतात, पण केशवाहिन्यांच्या वाफ्यात पोषण पुरेसे पोहोचतेच असे नाही. ऊब म्हणजे रक्ताची मुबलकता, हा आमचा निष्कर्ष म्हणूनच फसला. सिरा फुगलेल्या पाहून आम्ही त्यास रक्ताधिक्य समजलो. आणि जेथे मुळात पाणी कमी होते तेथून ते आणखी उपसले.

याच ठिकाणी जळवांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली जळवांना मान्यता दिली, हे वाक्य आपल्या जाहिरातींतून वारंवार झळकते. ती मान्यता कशासाठी होती हे सहसा छापले जात नाही. जोडलेल्या बोटात किंवा त्वचेच्या कलमात रक्त येते पण सिरांवाटे परत जात नाही, तेव्हा तुंबलेले रक्त काढण्यासाठी तेथे जळू लावतात. धमनीतून रक्त येतच नसेल तर जळू लावू नये, हा तेथील नियम आहे. आणि जळू न धरणे ही रक्तपुरवठा अपुरा असल्याची एक खूण मानली जाते. रक्तमोक्षण कोणास करू नये हे सुश्रुतांनीही सांगितले आहे. त्यात क्षीण रुग्णाच्या शोथाचा समावेश आहे. जेथे धमनीच बंद आहे तो अवयव स्थानिक अर्थाने क्षीणच होय, असे आमचे मत आहे. स्वेदनाबाबतही असेच. चरकांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात मधुमेह्यास अस्वेद्यांत गणले आहे. तरी बधिर पावलांना गरम पाण्याचा शेक घेऊन फोड आलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि तो शेक कधी कधी आपणच सांगितलेला असतो.

एका ज्येष्ठ वैद्यमहोदयांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "यंत्राने आयुर्वेद मोजायचा असेल तर मग आयुर्वेद कशाला?" त्यांच्या व्यासंगापुढे आम्ही नम्र आहोत. परंतु ज्या सुश्रुतांनी प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, एकेक थर कुंचीने घासून प्रत्यक्ष पाहण्यास सांगितले, ते डॉपलरचा आवाज ऐकण्यास नकार देते, असे आम्हांस वाटत नाही. आणि यंत्राची गोष्ट दुसरी. पहिली गोष्ट बोटांची आहे. पावलाच्या पाठीवर अंगठा व दुसरे बोट यांच्या रेषेत एक नाडी, आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. दोन्ही पायांची मिळून दोन मिनिटे लागत नाहीत. न लागल्यास पुढची पायरी हातात मावणाऱ्या डॉपलरची. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला तर धमनीत अडथळा आहे असे समजावे. मधुमेह्याच्या धमनीच्या मधल्या थरात चुना साठून ती कडक होते, त्यामुळे हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. म्हणून व्रण असेल तर अंगठ्याचा दाब पाहणे अधिक विश्वसनीय. तो ३० च्या खाली असेल तर आपण व्रणावर काहीही बांधण्यापूर्वी रुग्णास रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे तातडीने धाडले पाहिजे.

मधुमेहज व्रणावरील अनेक प्रबंध आमच्या वाचनात आले. व्रणाची लांबी-रुंदी, गंध, स्राव यांच्या सुंदर सारण्या त्यांत असतात. पायाची नाडी लागत होती की नाही, याचा रकाना आम्हांस क्वचितच सापडला. मग ज्यांचे व्रण भरले ते जळवांनी भरले की त्यांच्या धमन्या मुळात उघड्या होत्या म्हणून, हे कसे ठरवावयाचे? आणि जे मध्येच उपचार सोडून गेले ते कोठे गेले? पदव्युत्तर विभागांनी हा रकाना सक्तीचा करावा आणि तो नसलेल्या प्रस्तावास नैतिकता समितीने परवानगी देऊ नये, अशी आमची सूचना आहे. त्वचेतील रक्तप्रवाह लेझरच्या प्रकाशाने मोजता येतो हे स्टर्न यांनी १९७५ साली दाखविले. त्वचेतून प्राणवायूचा दाबही मोजता येतो. धमनी उघडी आहे अशा रुग्णांत अभ्यंगाने किंवा जलौकेने सूक्ष्म प्रवाहात काय फरक पडतो, हा प्रश्न खरोखर आपला आहे आणि त्याचे उत्तर आपल्या बाजूनेही येऊ शकेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांतील अनेकांचे पाऊल सर्वप्रथम पाहणारा वैद्य तालुक्याच्या गावचा बी.ए.एम.एस. पदवीधरच असणार.

ते गृहस्थ अजूनही आमच्याकडे येतात. जयपूर पाय बसवून घेतला आहे. बांधावरून चालता येत नाही म्हणून ऊस मुलगा पाहतो. दर अमावास्येच्या आगेमागे, बाजाराच्या दिवशी, ते दवाखान्यात येऊन बाकावर बसतात आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच उजव्या पायाची चप्पल काढून ठेवतात. घोट्यामागची नाडी लागते. पाठीवरची गेल्या वर्षापासून क्षीण झाली आहे. या महिन्यात त्यांना डॉपलरसाठी शहरात धाडले आहे.