ही जागा फुकटची नव्हे

नीट परीक्षेचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत जी आकडेमोड सुरू होते तिच्याशी आमच्या वाचकांचा चांगलाच परिचय आहे. गुण किती, क्रमांक कितवा, सरकारी महाविद्यालय मिळेल की खाजगी संस्थेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील आणि झिजवल्याच तर त्या पायऱ्यांवर किती लाख ठेवावे लागतील, असा तो हिशेब. या हिशेबाच्या अखेरच्या ओळीत एक नाव हमखास येते : पुण्याच्या वानवडीतील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात एएफएमसी. शिक्षणाची फी नाही, राहणे-जेवणे सरकारी, गणवेश सरकारी आणि पदवी मात्र महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एवढे मोजून झाल्यावर वडील मंडळी क्षणभर थांबतात आणि आवाज थोडा खाली आणून विचारतात, "पण सीमेवर पाठवतात का हो?"

२०२५ च्या मे महिन्यात चार दिवस सीमेवर तोफा आणि क्षेपणास्त्रे धडधडत होती. तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडेही वारंवार येत आहे. आतल्या पानावरील शैक्षणिक सदरात त्याचे उत्तर देऊन आम्हांला मोकळे होता आले असते. ते आम्ही पहिल्या पानावर देत आहोत, याचे कारण एवढेच की प्रश्नाच्या त्या खाली आणलेल्या आवाजात सुशिक्षित समाजाची सैन्याविषयीची सारी वृत्ती साठलेली आहे. जयजयकार मोठ्या आवाजात आणि चौकशी हळू आवाजात, असा हा प्रकार आहे.

उत्तर सरळ आहे : होय, पाठवतात. पाठवण्यासाठीच शिकवतात. सीमेवर जाण्याची 'शक्यता' किती, अशी भाषा जे वापरतात ते या शिक्षणाकडे विम्याच्या हप्त्याप्रमाणे पाहतात. मृत्यूची शक्यता थोडी असेल, आणि बहुधा थोडीच असते. नेमणूक मात्र ठरलेली आहे. साडेचार वर्षांचे शिक्षण, वर्षभराची इंटर्नशिप, लखनौ येथील लष्करी वैद्यकीय केंद्रातील पायाभूत प्रशिक्षण, आणि त्यानंतर चोविशीच्या आसपासचा हा डॉक्टर एखाद्या पलटणीत जाऊन पोहोचतो. सात-आठशे जवानांच्या प्रकृतीची जबाबदारी त्या एकट्यावर असते. वडील सल्लागार हाताशी नाहीत, तपासणीची यंत्रे नाहीत, आणि 'उद्या दाखवायला या' असे म्हणण्याची सोयही नाही.

या संस्थेचा इतिहासच या प्रश्नाचे उत्तर देतो. डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १ मे १९४८ रोजी तिची स्थापना झाली. प्रारंभी सेवेत असलेल्या डॉक्टरांना पुढील शिक्षण देणे एवढेच तिचे कार्य होते. एम. बी. बी. एस. चा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तो ४ ऑगस्ट १९६२ रोजी. आणि २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले. शरीररचनाशास्त्राची पहिली पाने उलटून जेमतेम अडीच महिने झाले होते, तोच सैन्याला डॉक्टर का लागतात याचा धडा त्या मुलांपुढे उघडा पडला. पुढे १९७१ चे युद्ध आले तेव्हा याच तुकडीतील तरुण गणवेशधारी डॉक्टर झालेले होते.

लष्करी डॉक्टर म्हणजे जखमा शिवणारा, अशी आपली चित्रपटांवरून झालेली समजूत आहे. त्याचे बरेचसे आयुष्य पाणी निर्जंतुक आहे की नाही, स्वयंपाकघराच्या मागे माशा किती आहेत, जवानांचे पाय कोरडे राहतात की नाही, हे पाहण्यात जाते. आणि उंचावरील ठाणी हा तर स्वतंत्रच अध्याय आहे. ९,००० फुटांवरून चढणाऱ्या जवानाला पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, १२,००० फुटांच्या वर चार दिवस आणि १५,००० च्या वर आणखी चार दिवस थांबवून मगच पुढे सोडतात. ही शिस्त कुणा परदेशी ग्रंथातून उतरून घेतलेली नाही. १९६२ नंतर सखल प्रदेशातून एकाएकी हिमालयात नेलेले जवान छातीत पाणी भरून दगावू लागले, तेव्हा आपल्याच लष्करी डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांवरील निबंध १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वैद्यकाने त्याची दखल घेतली. सियाचिनवर रात्री एखाद्या जवानाचा श्वास घुरघुरू लागतो, वादळामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नाही, प्राणवायू आणि दाब वाढवणारी पिशवी एवढ्यावर पहाट गाठायची असते. त्या तंबूत जो बसलेला असतो तो वर्ष-दोन वर्षांपूर्वी वानवडीच्या वसतिगृहात परीक्षेची जागरणे करीत असतो. आज त्या जागी 'ती'ही असू शकते. २०२३ साली सियाचिनवर प्रथमच महिला वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक झाली.

(मुलींचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२३ च्या प्रवेशात मुलांना ११५ जागा होत्या आणि मुलींना ३०. पुनीता अरोरा, माधुरी कानिटकर आणि २०२४ पासून सशस्त्र दलांच्या संपूर्ण वैद्यकीय सेवेचे प्रमुखपद सांभाळू लागलेल्या आरती सरीन, या तिघी याच संस्थेच्या विद्यार्थिनी. ज्या संस्थेने असे पीक काढले तिने बियाणे इतके हात राखून का पेरावे, हे आम्हांला उमगत नाही.)

आता करारनाम्याविषयी. पदवीनंतर सैन्यात सेवा करण्याचे बंधन प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावे लागते. साधारणतः निम्म्यांना कायम कमिशन आणि निम्म्यांना सात वर्षांचे अल्पकालीन कमिशन मिळते. सेवा नाकारणाऱ्याला मोठी रक्कम भरावी लागते. पूर्वी ती काही लाखांत होती, अलीकडे ती साठ लाखांच्या पुढे नेण्यात आली आहे. वरवर पाहता हा कडक उपाय वाटतो. परंतु खाजगी महाविद्यालयांतील एका जागेचा पाच वर्षांचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रकमेत दंडापेक्षा किंमत दिसते. श्रीमंत बाप ती भरून मुलाला सोडवून नेऊ शकतो. सातारच्या शिक्षकाचा मुलगा ती भरू शकत नाही. म्हणजे एकाच तुकडीत, एकाच पंक्तीला जेवलेल्या दोघांपैकी एकाचा शब्द त्याला बांधतो आणि दुसऱ्याचा शब्द धनादेशाने सुटतो. रक्कम आणखी वाढवल्याने हे दुखणे बरे होणार नाही. फक्त सुटणाऱ्यांची श्रीमंती वाढेल. एका जागेसाठी हजारो मुले तळमळत असताना ती जागा घेऊन पुढे पैशांनी परत करणे, याला कायद्यात जे नाव असेल ते असो, व्यवहारात ती दुसऱ्याच्या मुलाची जागा असते आणि कुठल्याशा पलटणीतला एक डॉक्टर कमी झालेला असतो.

तथापि सारा दोष पालकांच्या माथी मारून सरकारला मोकळे सोडणे आम्हांला मान्य नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांकडून, आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांविषयी लेखी वचन घेतले जाते. ते घेताना त्याला काय दाखवले जाते? हिरवळ, संचलन आणि पांढऱ्या गणवेशातील हसरी छायाचित्रे! पुढील शिक्षणासाठी किती वर्षे थांबावे लागेल, सात वर्षांनी बाहेर पडणाऱ्या डॉक्टरपुढे तिशी ओलांडल्यावर कोणती वाट असेल, पलटणीतल्या एकटेपणात कोण आधार देतो, हे त्याला कुणी समोर बसवून सांगितले पाहिजे. पूर्ण माहिती घेऊन आलेला विद्यार्थी सहसा पळून जात नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनच्या रणभूमीवर गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांना अडकवून ठेवणारा कोणताही कागद नव्हता. सगळीच मुले कोटणीस होतील अशी अपेक्षा कुणी करू नये. परंतु त्यांना अजाण ठेवून सही घ्यावी, इतकी ती दुर्बळही नाहीत.

आमची सूचना साधी आहे. मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराला आणि त्याच्या आईवडिलांना नुकताच पलटणीतून परतलेल्या एखाद्या तरुण डॉक्टरसमोर तासभर बसवावे. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबावे. वडिलांना जो प्रश्न हळू आवाजात विचारावासा वाटतो तो तेथे मुलाने मोठ्याने विचारावा, उत्तर ऐकावे, करारनामा स्वतः वाचावा आणि मग घरी जाऊन एक रात्र झोपून सकाळी सही करावी. या एका रात्रीने शंभरातील दहा जण परत फिरले, तर खालच्या क्रमांकावर थांबलेले दुसरे दहा तयारच आहेत.