तिरपा पाट

नागपूरच्या महाल भागात आमचं भाड्याचं घर होतं. देवांचं तोंड पूर्वेला हवं आणि कोनाडा नेमका आडवा. आई त्यात पाट तिरपा ठेवायची. मी तो भिंतीशी सरळ करायचो आणि बोलणी खायचो. ‘भिंत फिरते का बापा? पाटच फिरवावा लागते,’ ती म्हणायची.

तो पाट आठवला थेट इस्तंबूलमध्ये, आया सोफियाच्या वरच्या सज्ज्यात. तिकीट २५ युरो. रुपये मोजायचे नाहीत असं ठरवून आलो होतो, तरी मोजलेच. खालचा भाग नमाजासाठी, पर्यटकांनी वरूनच पाहायचं. कठड्यावरून वाकून आमच्या ग्रुपमधल्या काकू म्हणाल्या, ‘अवो, हे सारं वाकडंच बसवून राहिले!’

काकूंची नजर पक्की. ही वास्तू मुळात चर्च. सम्राट जस्टिनियननं ५३२ ते ५३७ या काळात बांधलेलं. घुमट सुमारे ३१ मीटर रुंद आणि त्याच्या पायथ्याशी ४० खिडक्यांचं कडं. त्यातून ऊन आत आलं की एवढा भार अधांतरी वाटतो. एकदा तो खरंच पेलला नाही. ५५८ मध्ये घुमट कोसळला, मग अधिक उंच करून बांधला. १४५३ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमदनं शहर जिंकलं आणि चर्चची मशीद झाली. चर्चची वेदी होती पूर्वेच्या रोखानं. मक्का तिथून आणखी दक्षिणेला. त्यामुळे नमाजाची दिशा दाखवणारा मिहराब वेदीच्या कमानीत मधोमध बसलाच नाही, थोडा उजवीकडे सरकला. गालिच्यावरच्या रेघाही त्याच्याच ओळीत, म्हणून इमारतीशी फटकून. वर अर्धघुमटात नवव्या शतकातली सोनेरी मेरी, मांडीवर बाळ घेतलेली. तिच्यापुढे आता पडदे आहेत.

यातलं सगळंच गोड मानून घेता येणार नाही. ज्यांचं चर्च गेलं, त्यांच्या जिव्हारी लागलंच असणार. १९३४ मध्ये इथं संग्रहालय करायचं ठरलं, २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. दोन्ही वेळा कुणी सुखावलं, कुणी दुखावलं. पण जिंकणाऱ्यानं ही वास्तू पाडली नाही. उलट सोळाव्या शतकात सिनान या उस्मानी वास्तुविशारदानं तिला बाहेरून भक्कम टेकू दिले. घुमट एकांचा, टेकू दुसऱ्यांचा. आत फक्त पाट फिरवला.

काकूंना मी मिहराबाचं गणित समजावलं. त्या म्हणाल्या, ‘मंग बरोबरच आहे की!’ आणि फोटो काढायला वळल्या.

आता आमच्या फ्लॅटमधलं देवघर बिल्डरनं मोजूनमापून पूर्वेला काढून दिलंय. पाट भिंतीशी अगदी सरळ बसतो. आईला ते पाहायला मिळालं नाही. मिळालं असतं, तरी तिनं सवयीनं तो आधी थोडा फिरवूनच पाहिला असता.