ताल आणि बालवाडी



इर्जिक म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. एखाद्याचं रान अडलं की गावानं औतं घेऊन जायचं, दिवसभर राबायचं, आणि धन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. अशीच एक रीत आफ्रिकेतल्या केनिया देशात आहे. नैरोबी शहराच्या आग्नेयेला माचाकोस नावाचा डोंगराळ, बेभरवशाच्या पावसाचा मुलूख आहे. तिथले कांबा लोक या रीतीला 'म्वेथ्या' म्हणतात. तिची हकीगत आपण ऐकावी असे आम्हांस वाटते, कारण तिच्यात जमीन आहे आणि लेकरंही आहेत.

१९३० नंतरच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी हा मुलूख हातचा गेला, असा शेरा मारला होता. माती वाहून चालली होती. सरकारने जबरीने गुरे कमी करायला घेतली, तेव्हा १९३८ साली हे लोक नैरोबीवर चालून गेले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे सक्तीने ताली घालून घेण्याचाही प्रयत्न झाला; पण सक्तीचं काम कुणाला गोड लागतं? कामाची सूत्रे लोकांनी निवडलेल्या म्होरक्यांच्या, म्वेथ्या गटांच्या हाती आली, तेव्हा कुठे चित्र पालटले.

त्यांची पद्धत साधी. उताराला आडवा चर खणायचा आणि माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. बांधावर वैरणीचं गवत लावायचं. दर पावसात माती बांधाला अडते आणि काही वर्षांत उताराची पायरी होते. १९३२ साली या जिल्ह्यात सुमारे २ लाख ४० हजार माणसे होती, ती १९९० साली १४ लाखांच्या घरात गेली. तोंडं पाचपटीहून वाढली, तरी धूप घटली आणि माणशी शेती उत्पन्न वाढले. कॉफीचा आणि शहरातल्या नोकरदारांनी घरी धाडलेला पैसाही त्यात होता, हे खरे. पण कुदळ लोकांचीच होती.

आता दुसरी बाजू. पुरुषमाणसं नोकरीला शहरात, त्यामुळे म्वेथ्यातले बहुतेक हात बायकांचे. मग लेकरांनी कुठे जायचं? १९६३ साली देश स्वतंत्र झाला, आणि जोमो केन्याटा यांनी 'हराम्बे' म्हणजे 'सगळे मिळून ओढू या' अशी हाक दिली. त्या हाकेवर देशभर गावांनी शाळा बांधल्या, बालवाड्याही काढल्या. जागा गावाची, कधी झाडाची सावली, कधी चर्चची खोली. शिक्षिका बहुधा गावातलीच, आणि तिचा पगार आईबापांच्या वर्गणीतून. १९८० नंतर जिल्हा केंद्रे निघाली. त्यांनी शिक्षिकांना प्रशिक्षण दिले, त्या त्या बोलीतली गाणी-गोष्टी गोळा करून त्यांच्या हाती दिल्या.

इथवर सारे कौतुकाचे. पण आमच्या मते खरा धडा पुढे आहे. पाऊस हुकला की वर्गणी थकायची. वर्गणी थकली की शिक्षिकेचा पगार थकायचा. ज्याच्या घरी पैसा नाही त्याचं पोर घरीच राहायचं, म्हणजे ज्याला बालवाडीची सर्वांत जास्त गरज तेच बाहेर. २००३ साली सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले, बालवाडी मात्र त्यातून वगळली. तेव्हा काही आईबापांनी हिशेब केला, की पैसे भरून बालवाडीत कशाला घालायचं, एकदम पहिलीतच बसवू! शेवटी २०१० च्या राज्यघटनेने बालवाड्यांची जबाबदारी काउंटी, म्हणजे जिल्हा सरकारांवर टाकली.

तात्पर्य काय? ताल फुटली तर चार हात लागून ती पुन्हा उभी राहते. खोलीही श्रमदानाने उभी राहते. पण शिक्षिकेचा पगार श्रमदानातून निघत नाही. तिला महिन्याच्या महिन्याला खावं लागतं. जोडीला बांधील थैली हवीच.

हे आम्ही का लिहितो, तर हंगाम तोंडावर आला आहे. तोडणीच्या टोळ्या येतील, कोप्या उभ्या राहतील. गावात अंगणवाडी असते, पण कोपी फडाजवळ असते. आईबाप पहाटेपासून तोडीवर आणि तीन-चार वर्षांचं लेकरू पाचटात, गाडीच्या चाकाजवळ. हे आपण दर साली पाहतो आणि पुढे जातो.

आमची सूचना अशी. मोठ्या तळावर हंगामापुरती बालवाडी असावी. जागा आणि मांडव गटातल्या सभासदांनी द्यावा, आणि शिक्षिकेच्या पगारासाठी टनामागे अल्पशी ठरावीक रक्कम वार्षिक सभेने मंजूर करावी. कुणी म्हणेल, 'आमच्या दराला कात्री लावून दुसऱ्याची पोरं सांभाळायची का?' आमचा प्रतिसवाल असा, की ज्या हातांनी आपला ऊस वेळेत गव्हाणीत पडतो, त्या हातांचं लेकरू दुसऱ्याचं कसं?

कांबा लोकांनी ताल घातली, तेव्हा तिचं पीक त्याच साली मागितलं नाही. सभासदांनी सभेला येताना याचा विचार करून यावे, ही विनंती.