आधी कोडं फोडा, मग माल भरा

कोटेशनच्या व्हिडिओत माझ्यामागे फळ्यावर एक ओळ लिहिलेली होती. बऱ्याच जणांनी कोटेशन राहू दिलं आणि त्या ओळीबद्दलच विचारलं. ओळ अशी: "वडे तेलात सोडायचा हुकूम दिला, आयटी पार्कचं गाव मिळालं (४)".

उत्तर आहे तळवडे. हुकूम काय? तळ वडे! कंसातला ४ म्हणजे चार चौकोन: त, ळ, व, डे. मराठीत मात्रेला वेगळा चौकोन नसतो, ती अक्षरासोबतच बसते.

हे क्रिप्टिक शब्दकोडं. पेपरात आपण रोज सोडवतो ते सरळ असतं. 'सूर्य' दिलं की रवी, भानू, दिनकर यातलं जे चौकोनांत बसेल ते लिहायचं. २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनने छापलेलं पहिलं कोडंही सरळच होतं. क्रिप्टिक प्रकार रुजला तो १९२० नंतर इंग्लंडात. पण आपल्याला हा खेळ परका नाही. 'राम' उलटा केला की 'मरा' होतो, हे वाल्याच्या गोष्टीमुळे पोराटोरांना माहीत आहे.

क्रिप्टिक क्लूचे दोन भाग असतात. एक सरळ अर्थ, तो कायम सुरुवातीला नाहीतर शेवटी. उरलेली सगळी शब्दांची मोडतोड. हे बघा: "गावाकडच्या चहाला धुळीचा दाणा चिकटला, कारखान्यांचं गाव झालं (३)". गावाकडचा चहा म्हणजे 'चा', धुळीचा दाणा म्हणजे 'कण'. चाकण! वाचताना टपरी दिसते, पण टपरीचा काही संबंध नसतो. दिसणाऱ्या चित्रात अडकला तो गेला.

मी असाच अडकलोय. पॅकिंग मटेरियलचं दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत गेलो. परचेसवाले साहेब म्हणाले, "आम्हाला तीन सप्लायरचे रेट लागतात, तुमचा लवकर पाठवा. फायनल झालं की पुढच्या महिन्यापासून ८०० बॉक्स लागतील." मला काय ऐकू आलं? ८०० बॉक्स! परत येताना गाडीवरच हिशोब मांडला आणि त्यांच्या साईझचे बॉक्स बनवून घेतले. ३८ रुपयांनी ३०,४०० गेले. पीओ आलाच नाही. मी तिसरा रेट होतो, फाईल पूर्ण करायला. साईझ अशी अडनिडी की दुसरं कोणी घेईना. शेवटी रद्दीत दिले, थोडे अजून माळ्यावर आहेत.

बरेच दिवस साहेबांवर राग होता. मग कळलं, माणूस एक शब्द खोटं बोलला नव्हता. क्रिप्टिक कोड्यांसाठी 'आफ्रिट' या नावाने लिहिणाऱ्या रिची नावाच्या इंग्रजाने १९४९ मध्ये नियम सांगितला होता, की कोडं घालणाऱ्याने चकवा जरूर द्यावा, पण अर्थ शब्दांत असलाच पाहिजे. साहेबांचा सरळ अर्थ पहिल्याच तीन-चार शब्दांत होता. मी शेवटाला चिकटलो.

म्हणून माझं मत आहे की धंद्यात येणाऱ्याने रोज दहा मिनिटं अशी कोडी सोडवावीत. "सर, टाईमपास आहे" म्हणणारे म्हणू देत. सरळ कोड्यात अंदाजाने लिहून चालून जातं. क्रिप्टिकमध्ये उत्तर दोन्हीकडून जुळावं लागतं, अर्थाने आणि अक्षरांनी. 'मोशी'सुद्धा गावच आहे, पण 'चा' आणि 'कण' जोडून मोशी होत नाही. नुसत्या अर्थावर पेनने लिहिलं की आडवे शब्दही बिघडतात. माझं तेच झालं होतं. बॉक्सची उधारी फेडताना टेपवाल्याचे पैसे थकले, आणि त्याने माल बंद केला.

एक मान्य करतो. कोडं घालणारा नियम पाळतो, प्रत्येक गिऱ्हाईक पाळतंच असं नाही. काही जण खरंच थापा मारतात, आणि तिथे कोडी सोडवून उपयोग नाही, ॲडव्हान्सच मागायचा.

आता तुमच्यासाठी एक: "तिरक्याने शेवटचा काना सोडला, हायवेलगत जागा मिळाली (३)". उत्तर शुक्रवारच्या व्हिडिओत, फळ्यावर.