पिशवीतले झुंजार



मागे कचेरीच्या कामाने पुण्यास गेलो होतो. काम लवकर आटोपले आणि पाय सवयीने एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाकडे वळले. तिथे कपाटात, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, बाबूराव अर्णाळकरांच्या वीस रहस्यकथा मांडल्या होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय, सगळी जुनी मंडळी! आम्ही तिथेच थबकलो. भाव विचारला. दुकानदार म्हणाला, "वीस नगांचे सहा हजार. एकही कव्हर फाटलेले नाही, वाचनालयाचा शिक्का नाही. आणि साहेब, नेलेत तर पिशवी उघडू नका. उघडली की किंमत उतरते."

तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. अर्णाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून ते १९९६ साली निवर्तले. विद्वानांनी त्यांना साहित्यिकांच्या पंगतीला फारसे बसवले नाही, पण कष्टकऱ्यांच्या चाळींतून त्यांची पुस्तके हातोहात फिरली. स्वस्त कागद, छोटा आकार, आणि हाती धरले की संपेपर्यंत खाली ठेवणे नाही.

आमचे दादा परळला गिरणीत होते. खोलीत गाववाले दहाजण. सुट्टीच्या दिवशी दादा मोठ्याने वाचत आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती ते कान देऊन ऐकत. खून कोणी केला यावर चहाच्या पैजा लागत म्हणे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढे दादा वाईला परतले ते एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत निम्मी ही पुस्तके. आम्ही सराईत वाचायला शिकलो ते शाळेत कमी आणि त्या ट्रंकेपाशी जास्त.

१९९८ साली आमच्या बी.कॉम.च्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. घरात पैसा नव्हता. आईने ट्रंक रिकामी करून रद्दीवाल्याला दिली, किलोच्या भावाने. दादा ओट्यावर बसून पाहत होते. एवढेच म्हणाले, "पोरगं नोकरीला लागलं की घेईल परत." दादा आता नाहीत. तेव्हा ते सहा हजार आम्हाला महाग वाटले नाहीत, हे कबूल करतो.

पण घरात सहा हजार होते ते लेकीच्या दहावीच्या क्लासचे. रात्री विषय काढला. मंडळी गप्प. आम्ही लगेच बाबासाहेबांची साक्ष काढली. पुस्तकांसाठी राजगृह बांधले, १९१७ साली विलायतेहून येणारी पुस्तके जहाजाबरोबर बुडाली तरी हा माणूस पुन्हा जमवायला लागला, वगैरे. मंडळी म्हणाल्या, "अहो, त्यांनी वाचायला घेतली. पानोपानी खुणा केल्या." लेक म्हणाली, "पप्पा, पिशवी उघडायची नाही, मग वाचायचं कधी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कार्यकर्त्यांची ही एक खोडच आहे. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले, ते आम्ही चैत्यभूमीवर रांग लावून आणले. त्यातले दोन खंड असे आहेत की आणल्यापासून फक्त पुसले गेले. पाहुण्यांना मात्र कपाट दिसते.

या बाजाराचे गणितही मोठे चमत्कारिक. जे पुस्तक कोणीच वाचले नाही, त्याला भाव जास्त. ज्यावर शिक्का, तेलाचे बोट, कोपरा दुमडलेला, ते मातीमोल. दादांची सगळी पुस्तके या हिशेबाने मातीमोलच होती. आणि आमच्या वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीपलीकडे गेले की भिलार लागते. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीलाच सुमारे पंचवीस ठिकाणी, घराघरांतून, पंधरा हजार पुस्तके ठेवली. कोणीही जावे, बसावे, वाचावे. आम्ही लेकीला घेऊन गेलो तेव्हा एका ओसरीवर एक बाई स्ट्रॉबेरी निवडता निवडता आम्हाला म्हणाल्या, "बसा की निवांत, घ्या कुठलंबी."

पुढच्या खेपेस पुण्याच्या त्या दुकानात पुन्हा गेलो. कपाटाकडे पाहिले, नाही असे नाही. मग खाली जमिनीवरच्या ढिगात हात घातला. तासाभराने एक झुंजार सापडला. कव्हर निम्मे फाटलेले, आत मुंबईच्या कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेला हिशेब: दूध, रॉकेल, मनीऑर्डर. दुकानदाराने चाळीस रुपये सांगितले, तीसला दिले.

लेकीने ते दोन रात्रींत वाचून काढले. दुसऱ्या रात्री कव्हर पूर्णच निघाले. सकाळी पाहतो तो ती पिठाची खळ करून ते चिकटवत बसली होती, आणि तिची मैत्रीण दारात उभी राहून, कधी देतेस म्हणून विचारत होती.