मांडव

आमच्या अक्काचा मधुमेह बारा वर्षांचा. वाळवणाचा नाद त्याहून कितीतरी जुना. यंदाच्या मे महिन्यात या दोहोंची गाठ नांदेडच्या आमच्या गच्चीवर पडली. लातूरहून माहेरपणाला आलेली अक्का भर दुपारी अनवाणी कुरडया घालीत होती. फरशी तव्यासारखी तापलेली. "पाय भाजत नाहीत का गं?" मी जिन्यातूनच ओरडलो. "सवय आहे मला!" ती म्हणाली. आम्हाला तिचे कौतुक वाटले. मधुमेहाने तळपायाच्या नसा बधिर होतात, चटका बसतो पण कळत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

रात्री अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड दिसला. अक्काने त्यावर तेल-हळद लावली. आता हळदीच्या बाजारपेठेत राहून हळदीला नावे कशी ठेवावी? जखमेवरच्या हळदीचे पेटंट 1995 साली अमेरिकेत कुणी घेतले, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने भांडून 1997 साली ते रद्द करविले, याचा मलाही अभिमान आहेच. पण अक्काची जखम अभिमानाने भरेना. तिसऱ्या आठवड्यात ती काळवंडली. एका डॉक्टरांनी सांगून टाकले, "अंगठा काढावा लागेल. पुढचे मग पाहू." 'पुढचे' म्हणजे काय, ते विचारायचे धैर्य मला झाले नाही.

दुसरे मत घ्यायला गेलो, तो खुर्चीत माझा जुना विद्यार्थी! अकरावीत त्याच्या निबंधाला मी शंभरातले चाळीस दिले होते. आता बहिणीचा पाय त्याच्या हाती. त्याने मेलेले मांस काढले, पायातला रक्तप्रवाह तपासला, इन्सुलिन सुरू केले. जखम स्वच्छ झाली. पण भरायचे नाव घेईना.

"सर, हिला आता निरोप पोचवायला हवा," तो म्हणाला.

रक्तातल्या प्लेटलेटमध्ये काही प्रथिने असतात. जखम झाली की ती पेशींना हुकूम देतात: इकडे या, वाढा, नवी रक्तवाहिनी काढा. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. मी आपले 'वाढकारक' म्हणतो. स्टॅन्ले कोहेन यांनी असेच एक प्रथिन उंदराच्या नवजात पिलांना टोचले, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. त्यांना आणि रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना 1986 साली नोबेल मिळाले ते याच वाढकारकांसाठी. अडचण एवढीच, की हे निरोपे फार अल्पायुषी. जखमेवर नुसते ओतले तर तिथलेच रस त्यांना खाऊन टाकतात. म्हणून त्यांना कशात तरी बसवून पाठवावे लागते. अमेरिकेत 1997 साली असे एक प्रथिन जेलमध्ये घालून मधुमेहींच्या पायासाठी आले. 2002 साली हाडासाठीचे प्रथिन गाईगुरांच्या कोलॅजनच्या स्पंजात भिजवून आले. हैदराबादच्या भारत बायोटेकनेही जखमेचे जेल काढले आहे.

"आपण मात्र अक्कांचेच रक्त वापरू," डॉक्टर म्हणाला. ही युक्ती फ्रान्समधल्या शुक्रून यांची, 2001 सालची. दंतवैद्य दाढ काढलेल्या खड्ड्यातही ती वापरतात.

"माझंच रक्त माझ्याच पायाला?" अक्का म्हणाली. "मग इतके दिवस ते कुठं गेलं होतं?"

या प्रश्नाला मी शंभरातले नव्वद दिले असते.

रक्त काढून, त्यात गोठू नये म्हणून घालतात ते औषध न घालता, लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटे गरगर फिरविले. नळीत तीन थर झाले: तळाला लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये साईसारखी गाठ. ती फायब्रिनची, म्हणजे रक्ताने स्वतःच विणलेली जाळी. प्लेटलेट तिच्यात अडकलेल्या. ती दाबून पातळ करून जखमेवर पसरली. कित्येक दिवस त्यातून वाढकारक थोडेथोडे झिरपतात, आणि नव्या पेशींना चढायला आधारही मिळतो. डॉक्टरांच्या भाषेत 'स्कॅफोल्ड'. मला परसातला कारल्याचा मांडव आठवला. नुसते पाणी घालून वेल का चढतो?

असे आठवड्याला एकदा, पाच वेळा केले. मी अधीर होऊन म्हटले, "तयार जेलही लाव की!" तो म्हणाला, "सर, वाढ म्हटली की सगळीच चांगली नसते. कर्करोगही वाढच." अमेरिकेतल्या त्या जेलवर कर्करोगाचा इशारा 2008 साली छापला गेला आणि पुढे तो काढलाही, पण त्याची सावधगिरी मला आवडली. श्रेयही तो सगळे त्या सायीला देईना. पाय टेकवायचा नाही, साखर आवरायची, रोज तळपाय आरशात पाहायचा, हे त्याने जास्त वेळा बजावले.

गणपतीत जखम निम्मी झाली, दसऱ्याला मिटली. अंगठा जागेवर आहे.

आता भाऊबीजेला लातूरला जायचे आहे. डॉक्टरने सांगितलेली मऊ तळाची चप्पल मी आणून ठेवली आहे. "ओवाळणीत चप्पल घालतं का कुणी?" असे अक्काने फोनवर आत्ताच विचारले. साडीही घ्यावी लागणार.